नासाची एक्झोप्लॅनेट पोस्टर्स: वर्षभर क्लासच्या भिंतीवर लावल्यानंतरचा अनुभव

मी सांगलीत आठवी ते दहावीचे गणित-विज्ञानाचे क्लास घेते, घरातल्याच पुढच्या खोलीत, एका बॅचला बारा-पंधरा मुलं. भिंतींवर सूत्रांचे तक्ते होते पण ते कुणी बघत नव्हतं, म्हणून मागच्या जूनमध्ये नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेची ती एक्झोप्लॅनेटची पोस्टर्स छापून आणली आणि आता वर्षभर लावल्यावर वाटतंय की याच्यावर सविस्तर लिहायलाच पाहिजे. कारण नेटवर ह्या पोस्टर्सबद्दल "वॉव किती सुंदर" एवढंच सापडतं आणि मला जे सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी: एक्झोप्लॅनेट म्हणजे आपला सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह, मराठीत बाह्यग्रह. जुन्या काळी रेल्वेची, थंड हवेच्या ठिकाणांची रंगीत पोस्टर्स असायची, "या आमच्याकडे सुट्टीला" अशी, त्याच थाटात जेपीएलच्या चित्रकारांनी ह्या ग्रहांची पोस्टर्स केलीत. २०१५ च्या सुरुवातीला पहिली तीन आली, मग वाढत गेली. सगळी फुकट, मोठ्या साइझची फाइल डाउनलोड करायची आणि छापायची, लॉगिन नाही काही नाही.

छपाईचं आधी सांगून टाकते कारण तिथे माझे पैसे वाया गेले. पहिल्या ठिकाणी मी फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली, त्यांनी तशीच फ्लेक्सवर मारून दिली आणि लाल रंग पार विटकरी होऊन आला, अक्षरं फुटलेली. फाइल पेनड्राइव्हवर न्या, किंवा पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि फ्लेक्स नको, मॅट व्हिनाइल सनबोर्डवर चिकटवून घ्या, ग्लॉसी घेतलं तर ट्यूबलाइट त्यात चमकते आणि मागच्या बाकावरून काही दिसत नाही. दोन बाय तीन फुटाचा एक मला ५४० रुपयाला पडला. असे चार केले.

आता मुख्य मुद्दा. मी पहिला लावला तो ट्रॅपिस्ट-१ ई या ग्रहाचा. लाल आकाश, आणि त्यात शेजारचे ग्रह आपल्या चंद्रासारखे लहानमोठे लटकलेले. मुलं आली, दप्तरं ठेवली आणि सगळी तिथेच उभी. एका आठवीतल्या मुलाने विचारलं, मॅडम हा फोटो आहे का? मी म्हटलं नाही रे, चित्र आहे, ह्या ग्रहाचा फोटो अजून कुणी काढलेला नाही, तो ४० प्रकाशवर्षं लांब आहे. तर लगेच पुढचा प्रश्न, मग हे खोटं आहे का?

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण खोटं नाहीये, आणि खरंही नाहीये. त्या रात्री मी नासाच्या साइटवर त्या ग्रहाचं पान उघडून बसले, आकडे वहीत उतरवले, आणि दुसऱ्या दिवशी घोटीव कागदाच्या तीन रंगांच्या पट्ट्या कापून पोस्टरखाली चिकटवायला सुरुवात केली. पांढरी पट्टी म्हणजे मोजलेलं, पिवळी म्हणजे काढलेलं, गुलाबी म्हणजे रंगवलेलं. तर नववीतली एक मुलगी म्हणाली मॅडम, चित्रसुद्धा काढलेलंच असतं की! बरोबर होतं तिचं, म्हणून पिवळ्याचं नाव बदलून "हिशेबातलं" केलं आणि तेव्हापासून आमच्या क्लासमध्ये हे तीन शब्द चालतात: मोजलेलं, हिशेबातलं, रंगवलेलं.

पांढऱ्या पट्ट्या आधी. ट्रॅपिस्ट-१ हा तारा सूर्याच्या मानाने अगदीच छोटा आणि थंड, त्याची त्रिज्या सूर्याच्या १२ टक्के. ई ग्रह त्याच्यासमोरून दर ६.१ दिवसांनी जातो आणि गेला की ताऱ्याचा उजेड साधारण अर्धा टक्का कमी होतो. २०० बल्बच्या माळेतला एक बल्ब गेल्यासारखं. एवढंच दिसतं हो, बाकी काही दिसत नाही, ग्रह स्वतः दिसतच नाही! पण तेवढ्या अर्ध्या टक्क्यावरून त्याची साइझ निघते, पृथ्वीच्या ०.९२ पट. मुलांना हे गणित फळ्यावर करून दाखवलं, दोन त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग, दहावीच्या पोरांना पाच मिनिटांत जमलं. मग सूर्य आणि पृथ्वी घेऊन तेच केलं तर ०.००८ टक्के आलं, आणि मग आपोआपच कळलं की शास्त्रज्ञ असले बारके लाल तारे का धरून बसतात, तिथे सावली मोठी पडते.

वस्तुमान कसं कळलं हे तर मला स्वतःला फार आवडतं. या ताऱ्याभोवती सात ग्रह आहेत, सगळे एकमेकांच्या इतके जवळ की ते एकमेकांना ओढतात, त्यामुळे प्रत्येकाची ताऱ्यासमोरून जायची वेळ थोडी पुढेमागे होते, जसं एकाच रस्त्यावर सात गाड्या असल्या की एकीच्या उशिरावरून दुसरीचा अंदाज लागतो. वर्षानुवर्षं त्या पुढेमागे होण्याची नोंद ठेवून सातही ग्रहांची वजनं काढली. ई पृथ्वीच्या ०.६९ पट. त्यावरून घनता आली आणि ती खडकाळ ग्रहासारखी आहे, म्हणजे पोस्टरवर पायाखाली जमीन दाखवलीय ती हवेतून आणलेली नाही. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ०.८२ पट येतं, आपल्याकडे ५० किलो भरणाऱ्या मुलाला तिथे काटा ४१ दाखवेल. मुलांनी सगळ्यांनी आपापली वजनं काढली अर्थातच.

एक गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे कारण पोस्टरवर ती कुठे नाही. चिलीतल्या ला सिया इथल्या ६० सेंटीमीटरच्या ट्रॅपिस्ट दुर्बिणीने हे काम सुरू केलं, बेल्जियमच्या लिएज विद्यापीठाची ती दुर्बीण, पण २०१६ साली या ताऱ्याभोवतीचे पहिले ग्रह जाहीर झाले त्या निरीक्षणांमध्ये आपल्या लडाखमधल्या हानले इथल्या हिमालयन चंद्र टेलिस्कोपचाही वाटा आहे. २ मीटरची दुर्बीण, ४५०० मीटर उंचीवर, आणि ती चालवतात बंगळुरूजवळच्या होसकोटेहून. मग फेब्रुवारी २०१७ मध्ये स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून सात ग्रहांची घोषणा झाली. मी हानलेची वेगळी पांढरी पट्टी केली आणि ती सगळ्यात वर लावली.

आता पिवळ्या पट्ट्या, म्हणजे मोजलेल्यावरून हिशेबाने जे येतं ते. मला वाटतं खरी मजा इथेच आहे. ई आपल्या ताऱ्यापासून जेमतेम ४४ लाख किलोमीटरवर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३ टक्केसुद्धा नाही. म्हणून तारा छोटा असूनही तिथल्या आकाशात तो मोठ्ठा दिसणार, आपल्या सूर्याच्या चौपट रुंद. हात लांब करून करंगळी धरली की आपला सूर्य तिच्यामागे दडतो, तिथे दोन करंगळ्या लागतील. (प्रत्यक्ष सूर्याकडे बघून करू नका, मुलांनाही मी चंद्रावरच करायला लावलं.)

आणि शेजारचे ग्रह? पोस्टरवर ते चंद्राएवढे दाखवलेत तर मला आधी वाटलं ही चित्रकाराची हौस. पण अंतरं वजा करून बघितली. बाहेरचा शेजारी एफ जवळात जवळ येतो तेव्हा साधारण १४ लाख किलोमीटरवर असतो आणि तो पृथ्वीपेक्षा जरासाच मोठा, भागाकार केला तर आकाशात अर्ध्या अंशाचा, म्हणजे बरोब्बर आपल्या चंद्राएवढा! मी तीनदा तपासलं. आणि दर १८ दिवसांनी असं होतं, आणि त्यावेळी तारा विरुद्ध बाजूला असल्यामुळे एफ पूर्ण गोल उजळलेला. आमच्या क्लासमध्ये त्याला अठरा दिवसांची पौर्णिमा म्हणतात. आतला शेजारी डी पण जवळ आला की तेवढाच दिसणार, पण तो ताऱ्याच्या आणि आपल्या मध्ये येतो, म्हणजे त्याची काळोखी बाजू आपल्याकडे, त्याची अमावस्या.

पण इथेच चित्राची एक गोष्ट गडबडते आणि ती मला हिशेब करताना कळली. एवढ्या जवळचे ग्रह बहुतेक चंद्रासारखे एकच तोंड ताऱ्याकडे करून फिरतात, हेही मोजलेलं नाही हिशेबातलंच, पण बरेचसे शास्त्रज्ञ तसंच धरून चालतात. तसं असेल तर एका अर्ध्या भागात सूर्य कधी मावळत नाही आणि दुसऱ्या अर्ध्यात कधी उगवत नाही. मग ती पूर्ण गोल एफची पौर्णिमा फक्त काळोख्या बाजूला दिसणार, लाल उजेडात उभं राहून दिसणारच नाही. दोन्ही एकत्र हवं असेल तर ते चित्रातच. यात चित्रकाराची चूक काढायचा हेतू नाही, उलट चित्र इतकं चांगलं आहे म्हणून त्याच्याशी असं भांडता येतं.

गुलाबी पट्ट्या. लाल आकाश रंगवलेलं आहे. आकाशाला रंग यायला हवा लागते, आणि ईवर हवा आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने बघितलं, २०२३ मध्ये चार वेळा, त्याचे निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये आले: हायड्रोजनचं जाड आवरण नाही एवढं नक्की, पण पातळ, जड हवा आहे की नुसता उघडा खडक हे सांगता येत नाही कारण ताऱ्यावरचेच डाग मध्ये घोळ घालतात. म्हणून आता शास्त्रज्ञ एक युक्ती करतायत, सगळ्यात आतला बी ग्रह आणि ई ग्रह पाठोपाठ ताऱ्यासमोरून जातात अशा वेळा निवडायच्या, बी उघडा खडक दिसतोय म्हणजे त्याच्या वेळी दिसणारे डाग ताऱ्याचेच, ते वजा करायचे. बी म्हणजे २०२३ मध्ये वेबने ज्याची उष्णता मोजली आणि दिवसाची बाजू २३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली निघाली तो. अख्खा विषय अजून चालू आहे, आणि आमची गुलाबी पट्टी मी मुद्दाम सेलोटेपने न लावता पिनेने लावलीय, बदलायला सोपी.

बाकीच्या पोस्टर्सबद्दल. केप्लर-१८६ एफ लाल गवतासाठी प्रसिद्ध आहे, २०१४ ला सापडला, १३० दिवसांचं वर्ष, पृथ्वीपेक्षा किंचित मोठा. लाल गवताची कल्पना अशी की तारा लाल म्हणून वनस्पतींचा रंगही वेगळा असेल. कल्पना छान, पण ह्या ग्रहाचं वजन कधी मोजलंच गेलेलं नाही, तो खडकाचा आहे हेही साइझवरून धरलेलं. म्हणजे गवत गुलाबी पट्टीवर आणि गवताखालची जमीन पिवळीवर! केप्लर-१६ बी दोन सूर्यांचा ग्रह, तिथे माणसाच्या दोन सावल्या दाखवल्यात, सावल्या दोन पडणार हे खरं पण ग्रह शनीएवढा आहे, उभं राहायला जमीन असेल असं वाटत नाही. नासाने सोबतच्या मजकुरात हे लिहिलंय, पण मजकूर कोण वाचतं, पोस्टर छापताना तो येत नाही. ही माझी एक खरी तक्रार आहे: चित्र एकीकडे आणि आकडे एकीकडे राहतात. चित्र व्हॉट्सअॅपवर फिरतं, आकडे साइटवरच.

आणि एचडी ४०३०७ जी. हा २०१२ ला जाहीर झाला, पोस्टर आलं, आणि २०१६ मध्ये जास्त मोजमापं घेऊन बघितल्यावर तो ग्रह खरंच आहे का याचीच खात्री देता येईना. पोस्टर अजून तितकंच देखणं आहे. ते मी छापलं नाही आधी, मग मुलांनीच हट्ट केला म्हणून छापलं, त्याच्याखाली एकही पांढरी पट्टी नाही आणि नवीन आलेलं प्रत्येक मूल विचारतं याला पट्टी का नाही, मग जुनी मुलं त्याला समजावून सांगतात. मला वाटतं माझ्या भिंतीवरचं सगळ्यात कामाचं पोस्टर तेच आहे.

भीतीदायक ग्रहांची एक वेगळी मालिका पण आहे, त्यातलं एचडी १८९७३३ बी नक्की घ्या. गडद निळा ग्रह, आडवा काचेचा पाऊस. मुलं म्हणाली हे तर शंभर टक्के गुलाबी. आणि इथे मला फार आनंद झाला सांगताना, की निळा रंग मोजलेला आहे! २०१३ मध्ये हबल या अवकाश दुर्बिणीने बघितलं, ग्रह ताऱ्याच्या मागे गेला की एकूण उजेडातला नेमका निळा भाग कमी व्हायचा, बाकी रंग तेवढेच राहायचे, म्हणजे निळा ग्रहाकडून येत होता. वाराही मोजलेला, सेकंदाला २ किलोमीटरच्या आसपास. काचेचा पाऊस मात्र हिशेबातला, हवेत सिलिकेटचे, म्हणजे वाळू-काचेत असतं त्या पदार्थाचे, कण असावेत आणि तिथे हजार अंशांच्या आसपास तापमान, त्यावरून. २०२४ मध्ये वेबला तिथे हायड्रोजन सल्फाइड सापडलं, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, तो चित्रात दाखवता येत नाही पण पांढऱ्या पट्टीवर लिहिता येतो. जे बघून वाटतं की काहीतरीच रंगवलंय ते मोजलेलं निघालं आणि जे गवताचं रान घरच्यासारखं वाटतं त्याला आधार सगळ्यात कमी, हे मुलांना त्या दिवशी जे कळलं ते मी महिनाभर शिकवून कळलं नसतं.

पोस्टर्सबरोबर नासाची ३६० अंशात फिरून बघायची पानंही आहेत, मोबाइलवर चालतात, त्यातलं केप्लर-१८६ एफचं बघाच. तिथे वातावरण चालू-बंद करायचं बटण आहे, बंद केलं की आकाश काळं होतं आणि चालू केलं की रंग येतो. बस एवढंच, पण ते बटण दाबताना मूल स्वतःच समजून जातं की हा भाग आपल्याला माहिती नाही, दोन्ही शक्य आहे. प्रत्येक चित्राला असं बटण असायला हवं होतं. आणि आइज ऑन एक्झोप्लॅनेट्स म्हणून थ्रीडी कॅटलॉग आहे, त्यात खात्री झालेले सगळे ग्रह, ती संख्या सप्टेंबर २०२५ मध्ये ६००० झाली. तिथे गाडीने, विमानाने जायला किती वर्षं लागतील ते पण येतं, आम्ही आपल्या लालपरीचा हिशेब केला, ताशी ६० ने न थांबता ट्रॅपिस्ट-१ ला ७० कोटी वर्षांच्या वर. कॅटलॉगबद्दल एकच, ज्या ग्रहाबद्दल भरपूर माहिती आहे आणि ज्याचं फक्त किमान वजन माहिती आहे ते दोघे तिथे सारखेच झकपक दिसतात, ढग-बिग सगळं, त्यामुळे मुलांना एकट्याला सोडू नका, शेजारी बसा.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो चित्र आणि आकडे वेगळे ठेवल्याबद्दल. आणि मराठीत नाही म्हणून कापणार होते पण पट्ट्या मराठीत आम्हीच लिहितो तर ती उणीव राहिली नाही, उलट कक्षा, घनता, त्रिज्या हे शब्द मुलांच्या हाताने लिहिले गेले.

शेवटी मे महिन्यात आम्ही एक पोस्टर स्वतः केलं. २०१९ मध्ये भारताला एका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव ठेवायचा मान मिळाला होता, एचडी ८६०८१, ताऱ्याचं नाव ठेवलं बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून, आणि ग्रहाचं नाव संतमस, संस्कृत शब्द, ढगाळलेला असा अर्थ. जेपीएलच्या मालिकेत त्याचं पोस्टर मला सापडलं नाही. मुलांना दिलं काढायला, कार्डशीट आणि पोस्टर कलर. पांढऱ्या पट्टीवर दोनच गोष्टी आल्या, वर्ष २.१४ दिवसांचं आणि वजन गुरूच्या निदान दीडपट, कारण हा ग्रह ताऱ्याच्या डुलण्यावरून (ग्रहाच्या ओढीने तारा किंचित हलतो त्यावरून) सापडला, समोरून जाताना दिसलेला नाही, साइझ कुणी मोजलेलीच नाही. पिवळ्यावर, ताऱ्याच्या फार जवळ म्हणून प्रचंड तापलेला असणार. मग ढग कुठे लिहायचे यावर अर्धा तास वाद झाला, कारण ते नावातच आहेत. ज्या मुलीने मागे "काढलेलं" शब्दावर मला धरलं होतं तिने शेवटी ग्रहाचं नावच गुलाबी पट्टीवर लिहिलं, ढग राखाडी न करता तांबूस केले, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: ढग अजून बघायचे आहेत.